मोर्णाकाठची परीक्षा

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांची लघुप्रबंध बांधून घेण्याची धावपळ सुरू होते. विषय बहुधा भारदस्त असतात : अमुक वस्तीची आर्थिक स्थिती, तमुक योजनेतील लोकसहभाग. प्रश्नावल्या भरल्या जातात, तक्ते जुळतात, शिफारशी लिहिल्या जातात आणि पुठ्ठ्याच्या बांधणीतला तो ग्रंथ विभागाच्या कपाटात विसावतो. ज्या घरांच्या उंबरठ्यावर बसून ही माहिती गोळा केली, त्या घरांना तिचे पुढे काय झाले हे सहसा कळत नाही. विद्यार्थ्याला पदवी मिळते. वस्तीला काय मिळते? सामुदायिक आणि आर्थिक विकासाच्या उच्च शिक्षणापुढचा खरा प्रश्न हाच आहे.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने त्याची तपासणी केली, तेव्हा आढळले ते असे की, कार्यक्रम लोकांसाठी होता, पण लोकांचा झाला नव्हता. याच सुमारास, १९५६ साली, केंद्र सरकारने ग्रामीण उच्चशिक्षण संस्थांची योजना हाती घेतली. त्या पहिल्या संस्थांत गारगोटीच्या मौनी विद्यापीठाबरोबर अमरावतीचे श्री शिवाजी लोकविद्यापीठही होते. ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहून आलेले डॉ. पंजाबराव देशमुख तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था उभारणे हे त्यांचे जीवितकार्य होते.

योजना उत्तम होती. तिला ग्रासले ते पदवीच्या बाजाराने. ग्रामसेवेच्या तीन वर्षांच्या पदविकेला सरकारने पदवीची बरोबरी दिली. परंतु विद्यापीठांच्या दारात तिच्याकडे कनिष्ठ म्हणूनच पाहिले गेले. कालांतराने बहुतेक संस्था रूढ विद्यापीठीय चौकटीत गेल्या. याबद्दल पालकांना बोल लावण्यात अर्थ नाही. कारकुनाने वा शिक्षकाने पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवावे आणि त्याच्या हाती अर्ध्या मान्यतेचा कागद पडावा, हे कोण सोसेल? यातून घ्यावयाचा धडा इतकाच की, लोकांत जाऊन शिकण्याची निराळी आडवाट काढून भागत नाही. ती प्रतिष्ठित पदवीच्याच पोटात असली पाहिजे.

यासाठी प्रयोगशाळा शोधत दूर जाण्याचे कारण नाही. अकोल्याला मोर्णेच्या एका तीरावर असदगड आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेले जुने शहर आहे. दुसऱ्या तीरावर कचेऱ्या, रेल्वे आणि नव्या वसाहती. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर या नदीच्या सफाईसाठी एकत्र आले आणि जलपर्णी उपसली गेली. पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्याची वाखाणणी केली. नागरिकांचा तो उत्साह अस्सल होता. परंतु जलपर्णी पोसली जाते ती सांडपाण्यावर. नाले नदीत येत राहिले तर मोकळी केलेली जागा ती पुन्हा व्यापते. नदीत उतरायला उमेद पुरते. नाले वळवायला मात्र नकाशा लागतो, अंदाजपत्रक लागते, देखभालीचा खर्च कोणी किती उचलायचा याविषयी एकमत लागते. लोकांना एकत्र आणण्याचे शास्त्र समाजकार्याच्या विभागात शिकवले जाते, खर्चाचे शास्त्र अर्थशास्त्राच्या. दोहोंची गाठ पडत नाही म्हणून एकाच्या हाती आकडे उरतात, दुसऱ्याच्या हाती घोषणा.

याच जुन्या शहरात १३ मे २०२३ रोजी दंगल उसळली. एकाचा बळी गेला, अनेक जखमी झाले, जमावबंदी जारी झाली. सुव्यवस्था राखणे हे पोलिसांचे काम. पण त्यानंतरचे काम कोणाचे? बाजार बंद राहिला की हातगाडीवाल्याची आणि रोजंदाराची कमाई बुडते, उसनवारी वाढते आणि ही झळ धर्म पाहून बसत नाही. कोणाचे दुकान कोणाच्या मालावर चालते, कोण कोणाला उधारी देतो, कारागीर कोठून येतो आणि गिऱ्हाईक कोठून, हे व्यवहाराचे धागे मोजून ते दोन्ही बाजूंच्या लोकांपुढे ठेवणे यासारखे मोलाचे संशोधन नाही. अफवा एका रात्रीत पसरते. घरोघरचा विश्वास मिळवायला मात्र दोन वर्षे जावी लागतात, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नेमकी तेवढीच वर्षे असतात.

हिशेबाने काय साधते याचे उदाहरणही समोर आहे. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने विकासाचा अनुशेष जिल्हावार मोजला आणि विदर्भाच्या गाऱ्हाण्याला आकड्यांचे बळ मिळाले. परंतु जिल्ह्याच्या सरासरीत नदीचे दोन्ही तीर एकच होऊन जातात. त्याखाली उतरून प्रभागाचा आणि गल्लीचा हिशेब मांडणारी माणसे हवीत. ती विद्यापीठांनी घडवायची नाहीत तर कोणी?

साधनांची वानवा नाही. अकोला जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तर अकोल्यातच आहे. प्रत्येक विभागाने एखादी वस्ती दहा वर्षांसाठी पत्करावी, म्हणजे नव्या तुकडीला मागच्या तुकडीच्या निष्कर्षांपासून पुढे जाता येईल. अर्थशास्त्राचा आणि समाजकार्याचा विद्यार्थी जोडीने काम करोत. लघुप्रबंधाचा मराठी गोषवारा वस्तीतल्या शाळेत रहिवाशांपुढे वाचला जावा, चुका त्यांनी दाखवाव्यात आणि दुरुस्तीनंतरच तो परीक्षकाकडे जावा.

यावर आक्षेप निघेल की, लोकांना रुचेल तेच मग लिहिले जाईल. तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. म्हणून गुण देण्याचा अधिकार परीक्षकाकडेच असावा आणि कर्ज, आजार वा घरगुती कलह यांची माहिती कोणा कुटुंबाचे नाव उघड होईल अशा रीतीने वाचली जाऊ नये. परंतु नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे तज्ज्ञापेक्षा घागर भरणाऱ्या बाईला अधिक ठाऊक असते. तिने दुरुस्त केलेला तक्ता अधिक शास्त्रीयच ठरेल.

ज्या संताचे नाव अमरावती विद्यापीठाने धारण केले आहे, तो आधी खराट्याने गाव झाडीत असे आणि मग कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत असे. श्रम आणि प्रश्न यांची ही सांगड कोणत्याही अभ्यासक्रमाला भूषवील. ती घालण्यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठे अनुदान लागत नाही. विद्वत्परिषदेचा एक ठराव आणि आठवड्यातून दोन दिवस नदी ओलांडण्याची शिक्षकांची तयारी पुरेशी आहे. ती दिसली, तर पदवीचा कागद हाती घेणाऱ्या तरुणाला आपण नेमके काय शिकलो हे सांगता येईल, आणि जुन्या शहरातील रहिवाशाला आपण केवळ विचारले गेलो नाही, ऐकलेही गेलो, असे म्हणता येईल.