‘क्वचित’ होतं, म्हणून सांगायचं नाही?

‘पोट सपाट करून देतो’ ही जाहिरात आता परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मोबाईलवरही येते. गंगाखेडला, जिंतूरला बैठकीनंतर बायका मला हळूच विचारतात, “ताई, करावं का हे ऑपरेशन?”

मी ‘करू नका’ म्हणत नाही. शरीर तिचं, निर्णय तिचा. पण दोन-तीन बाळंतपणांनी सैल पडलेल्या पोटाची लाज तिला शिकवली कुणी? घरच्या टोमण्यांनी आणि बाजारानं. धोका मात्र तिच्या एकटीचा.

या ऑपरेशनात ओटीपोटाची जादा कातडी आणि चरबी कापतात, फाकलेले स्नायू शिवतात, बेंबी नव्यानं बसवतात. कातडीखाली पाणी साठणं नेहमीचं, ते सांगितलं जातं. क्वचित होणारं राहून जातं : पायाच्या शिरेतली रक्ताची गाठ फुप्फुसात अडकणं, बेंबीची कातडी काळी पडून मरणं, जंतुसंसर्ग खोलवर पसरणं, मांडी बधिर होणं. चरबी ओढणाऱ्या नळीनं आतड्याला भोक पडल्याच्याही नोंदी आहेत.

दिल्लीच्या समीरा कोहली तपासणीसाठी भुलीखाली असताना, फक्त आईच्या संमतीवर त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, संमती पेशंटचीच हवी, तीही माहिती देऊन घेतलेली. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की अगदी दूरचे धोके सांगायची गरज नाही. घाबरून पेशंट आवश्यक उपचार नाकारेल.

मैत्रिणींनो, ‘आवश्यक’ हा शब्द नीट वाचा. सैल पोट हा रोग नाही. हे ऑपरेशन नाकारून कुणी बाई मरत नाही. मग धोका न सांगण्याला सबब उरतेच कुठे?

शहरात टाके घालून बाई गावी येते. चार-आठ दिवसांनी धाप लागते. गावातल्या डॉक्टरला ऑपरेशनचा पत्ताच नसतो, कारण लाजेपायी तिनं ते लपवलेलं असतं.

म्हणून आमची मागणी : संमतीपत्र मराठीत हवं, वाचून दाखवलेलं हवं, विचार करायला घरी नेता यायला हवं. त्यात क्वचितचे धोकेही हवेत. एका पोटरीला सूज, अचानक धाप, छातीत कळ, वाढता ताप, ताठलेलं पोट दिसलं तर तातडीनं कुठं जायचं, तेही लिहिलेलं हवं.

असा कागद नाही, तर सही नाही!