‘गॅरेजात जाशील!’

गृहपाठ न आणणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षक एक वाक्य हमखास ऐकवतो: ‘अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात जाशील.’ उर्दू माध्यमाच्या वर्गात ते जास्त ऐकू येतं, कारण अर्ध्या मुलांचा कुणी मामू किंवा चाचा खरोखरच गॅरेजात असतो. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर पास होऊनही मी हे वाक्य वर्षानुवर्षं वापरलं. ज्या मुलांना ऐकवलं, त्यातला एक गेल्या महिन्यात भेटला. अर्थात गॅरेजातच.

उल्हासनगरहून अंबरनाथला घरी येताना कल्याण-बदलापूर रस्त्यावर माझी स्कूटर बंद पडली. ढकलत एका गॅरेजपाशी नेली, तर आतून ‘अस्सलामु अलैकुम, सर!’ दहावीत मराठीत नापास होऊन शाळा सोडलेला मुलगा. ‘सर, बसा. हा कट पुरा करतो, मग तुमची स्कूटर बघतो.’

समोर जॅकवर एक गाडी होती. तिच्या पुढच्या बंपरखाली कार्बन फायबरची काळी चकचकीत पट्टी बसवायची होती. गॅरेजात तिला ‘लिप’ म्हणतात. गाडी वेगात असताना पुढचं तोंड रस्त्याकडे दाबून धरणं हे तिचं काम. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ताशी २०० किलोमीटरला जेवढा दाब मिळेल, त्याचा पंचविसावा भाग ताशी ४० ला मिळतो. आपल्या या रस्त्यावर ४० चा वेग म्हणजे सुट्टीच्या दिवसाची सकाळ. तेव्हा इथे ती पट्टी निव्वळ मिरवायची वस्तू, आणि पहिल्याच मोठ्या स्पीड ब्रेकरला घासायची. हे मी त्याला म्हटलंही. तो हसला. ‘सर, गिऱ्हाइकाचा शौक आहे. माझं काम आहे ती बरोबर बसवणं.’

ते बसवणं मी तासभर पाहिलं. बाहेरून आणलेली पट्टी जशीच्या तशी क्वचितच बसते. कुठे दोन मिलिमीटर जास्त, कुठे वळण वेगळं. ‘आधी कापायचं नाही, आधी लावून बघायचं,’ तो म्हणाला. बंपरचा मध्य मोजून खूण केली. पट्टी टेपने तात्पुरती टांगली, जिथे अडत होती तिथे पांढऱ्या पेन्सिलीने रेघ मारली. रेघेवर मास्किंग टेप लावली, नाहीतर कापताना वरच्या लॅकरचे टवके उडतात. मग ग्राइंडरने रेघेच्या बाहेरून कापलं. उरलेला मिलिमीटरभर भाग लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासला. लावून पाहा, काढा, घासा, पुन्हा लावा. असं सात-आठ वेळा. उर्दू शिकवणाऱ्याला बरूच्या कलमाची आठवण यावी असं काम. कलमाला ‘कत’ देताना टोकाचा तिरका छेद जरा चुकला की नस्तालीकमधलं प्रत्येक अक्षर बिघडतं.

भोकं पाडताना मात्र त्याने प्लास्टिकच्या बाजूला मुद्दाम लांबट ठेवली. का, म्हणून विचारलं. उन्हात प्लास्टिकचा बंपर फुगतो, कार्बन जवळजवळ फुगत नाही. घट्ट आवळलं तर मे महिन्यात बदलापूरच्या चाळीसच्या पुढच्या उन्हात बंपर लाटेसारखा वाकतो. पदार्थांचं उष्णतेने होणारं प्रसरण आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. हा मुलगा त्या धड्याच्या वेळी वर्गाबाहेर उभा असावा, बहुधा माझ्यामुळेच.

इतकं चोख काम, आणि तोंडावर नुसता रुमाल. डोळ्यांवर काहीच नाही. हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ. ‘खाज सुटते सर, दोन दिवसांत जाते.’ काम झाल्यावर त्याने कंप्रेसरच्या हवेने शर्ट झटकला आणि ती सगळी धूळ शेजारी वडापाव खाणाऱ्या छोटूच्या अंगावर गेली.

कार्बनचा एक तंतू केसाच्या साधारण दहाव्या भागाइतका जाड. तो ॲस्बेस्टॉससारखा उभा चिरत जात नाही, आडवा तुटतो, म्हणून त्याला ॲस्बेस्टॉसच्या पंगतीला बसवणं बरोबर नाही. पण कातडीत आणि डोळ्यात तो काचेसारखा टोचतो. त्याच्याबरोबर उडणारी रेझिनची भुकटी त्याहून बारीक असते. तिची काहींना ॲलर्जी जडते, आणि ती एकदा जडली की जन्मभर सुटत नाही. शिवाय ही धूळ वीज वाहून नेते. ग्राइंडरच्या मोटारीत शिरली तर शॉर्ट सर्किट. उपाय अवघड नाहीत: रुमालाऐवजी एन-९५ मास्क, चष्मा, लांब बाह्या, घासताना पाणी, आणि कंप्रेसरऐवजी ओलं फडकं किंवा व्हॅक्यूम. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. या सगळ्याचा खर्च त्या पट्टीच्या किमतीपुढे काहीच नाही.

मग तो होत का नाही? ‘गरिबी’ हे उत्तर मला पटत नाही. पट्टीवर हजारो रुपये उडवणारं गिऱ्हाईक गरीब नसतं. आपला कायदाही बघा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. रस्त्यावर चालणाऱ्याच्या नडगीला बंपरची कडक धार लागू नये, एवढ्यासाठी तरी अशी बंदी मला मान्य आहे. पण या सगळ्यात कापणाऱ्याच्या नाकातोंडाचा विचार कुठेच नाही. दोन-तीन माणसांच्या गॅरेजात फॅक्टरी इन्स्पेक्टरही येत नाही.

उल्हासनगरला हे नवीन नाही. जीन्सच्या धंद्यावर हे शहर किती वर्षं जगलं, आणि रंगाचं पाणी वालधुनीत जाताना सगळ्यांनी पाहिलं. जीन्स जुनी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा मारा करणाऱ्या तुर्कस्तानातल्या कामगारांची फुप्फुसं निकामी झाल्यावर तिथे २००९ मध्ये त्या पद्धतीवर बंदी आली. तिथेही हौस दुसऱ्याची आणि धूळ कामगाराची.

आमच्या समाजाच्या बैठकांत सच्चर समितीचा २००६ चा अहवाल अजून निघतो. ६ ते १४ वयातली चारातली एक मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच बाहेर पडली, हे आम्ही घसा कोरडा करून सांगतो आणि सरकारकडे बोट दाखवतो. ते दाखवायलाच हवं. पण बाहेर पडलेली मुलं जिथे गेली, तिथल्या कामाला आम्हीच शिवीसारखं वापरलं. ज्या कामाची भीती घालायची, ते काम सुरक्षित कसं करावं हे कोण शिकवणार? मौलाना जुम्म्याच्या बयानात हलाल कमाईबद्दल बोलतात, त्यात मास्कचं एक वाक्य का नसावं? आणि शाळेत आठवी-नववीला महिन्यातून एक तास एखाद्या कारागिराला का बोलावू नये?

स्कूटरचा प्लग बदलून त्याने पैसे घेतले नाहीत. मी मास्कचं विचारलं, तर म्हणाला, ‘लावतो सर, पण छोटूला तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही.’ छोटूला वाचता येतं का, विचारलं. उर्दू थोडं येतं, मराठी नाही. तेव्हा पुठ्ठ्यावर दोन्ही भाषांत पाच ओळी लिहून दिल्या आणि ग्राइंडरच्या वर खिळ्याला टांगल्या. मुख्याध्यापकांना कारागिराच्या तासाबद्दल अर्ज दिला आहे. त्यांनी विचारलं, ‘त्याची शैक्षणिक पात्रता काय लिहू?’ तो रकाना अजून रिकामा आहे.