उंच गाडीचा सोस आणि कायद्याची चाकोरी

माण-हिंजवडीच्या आयटी पट्ट्यापासून मुळशी आणि ताम्हिणीच्या चिखलवाटा फारशा दूर नाहीत. त्यामुळे 'थार' किंवा 'गुरखा' दारात आली, की सस्पेन्शन बदलून ती दोन-तीन इंच उचलण्याचा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. जून २०२५ मध्ये हिंजवडीतील रस्ते पाण्याखाली गेले होते. उंच गाडीची ओढ वाढण्यास एवढे कारणही पुरते. मात्र, ही उंची नेमके काय देते, हे खर्चापूर्वीच तपासलेले बरे.

लांब स्प्रिंग किंवा स्पेसर बसविल्यास उचलली जाते ती चासी. मागचा अखंड अ‍ॅक्सल आणि त्यातील डिफरन्शियल जागचे हलत नाही. दगडावर आपटणारा भाग बहुधा तोच असतो. तो उचलतो केवळ मोठा टायर, आणि तोही व्यास दोन इंच वाढला तर एकच इंच. लिफ्टचा खरा लाभ आहे तो चढ-उताराच्या तोंडाशी गाडीचे पोट व बंपर न घासण्यात आणि मोठ्या टायरला जागा मिळण्यात.

त्याची किंमतही मोजावी लागते. गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ताम्हिणी घाटाच्या वळणांवर गाडी अधिक झुकते. पुढच्या चाकांना शक्ती पोहोचविणाऱ्या शाफ्टचे कोन वाढून सांधे लवकर झिजतात, स्टिअरिंगची भूमिती बिघडते, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. स्वस्त स्पेसर बसवून जुनेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवले, तर चाकाची खाली जाण्याची मर्यादा आधीच संपते.

कायद्याची बाजू याहून कडक आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल, असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याची आणि वॉरंटी गमावण्याची शक्यता वेगळीच.

म्हणूनच निवडीचा क्रम उलटा हवा. २०२० च्या 'थार'ला कंपनीनेच २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिली. 'गुरखा'ला पुढे-मागे डिफरन्शियल लॉक मिळतात. बहुतेक हौशी वाटांना एवढे पुरेसे ठरते. कमी पडलेच, तर आधी मंजूर मापातील खोल नक्षीचे टायर, चिखलात हवेचा दाब कमी करण्याची सवय, मग पोटाखालचे संरक्षक पत्रे आणि दर्जेदार शॉक अ‍ॅब्सॉर्बर. लिफ्टचा विचार सर्वांत शेवटी, तोही उत्पादक आणि आरटीओ यांच्याकडे विचारणा करूनच. चिखलातून गाडी बाहेर काढते ती चाकाची जमिनीवरील पकड. ही पकड निव्वळ उंची वाढवून मिळत नाही.