विमानामागचे हात

आकाशात विमानाचा आवाज घुमला की आमच्या बाजारहत्नूरच्या शाळेतील साऱ्या माना वर होतात. ‘मी वैमानिक होणार’ असे म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ. ‘मी विमान दुरुस्त करणार’ असे म्हणणारा मात्र विरळाच! वास्तविक वंगणावाचून गाडीचे चाक फिरत नाही, हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगावयास नको.

लढाऊ विमानाचेही तसेच आहे. तंत्रज्ञ ते उड्डाणापूर्वी आणि उतरल्यावर तपासतो, काम संपताच प्रत्येक हत्यार मोजून जागेवर ठेवतो व नोंदवहीत सही करतो. विसरलेला एक पाना इंजिनात ओढला गेला, तर वैमानिकाच्या प्राणांवरच बेतावयाचे. त्या सहीवर विसंबूनच तो आकाशात झेपावतो.

मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. इतकी वर्षे ते उडत राहिले, ते एका पिढीच्या हातांनी दुसऱ्या पिढीला काम शिकविले म्हणूनच. नाशिकजवळील ओझर येथे हवाई दलाच्या दुरुस्ती आगारात आजही मिग-२९ व सुखोई-३० ही विमाने सुटी करून पुन्हा जोडली जातात. असे कौशल्य केवळ पुस्तकाने येत नाही; जाणत्याच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहावे लागते.

म्हणूनच २०२२ च्या अग्निपथ योजनेविषयी विचार करणे अगत्याचे वाटते. तीत शिक्षणकाळ धरून चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त शेकडा २५ जणांनाच कायम करावयाचे, असे ठरले. सैन्य तरुण राहावे व खर्च आटोक्यात यावा, हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु बेळगावजवळील सांबरा येथे हवाई सैनिक म्हणून शिक्षणास आरंभ करणारा तरुण तंत्रज्ञ म्हणून कोठे परिपक्व होऊ लागतो, तोच त्याने निरोप घ्यावा काय? निदान तंत्रशाखेत तरी कायम होणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ अधिक असावे आणि बाहेर पडणाऱ्यांचे शिक्षण नागरी विमानसेवेतही मान्य व्हावे, असे आमचे नम्र मत आहे.

विद्यार्थी मित्रहो, या वाटेचा आरंभ गणित आणि पदार्थविज्ञान यांच्या तासालाच होतो. पुढच्या वेळी विमानाकडे पाहाल, तेव्हा जमिनीवर उभ्या असलेल्या त्या हातांचेही स्मरण ठेवा.