सुंभ कोणाचा, पीळ कोणाचा?

१९८७च्या कायद्याने सरकारी धान्य व साखर तागाच्या गोणीत भरण्याचे बंधन आले आणि तागाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. मुक्त बाजाराची जपमाळ ओढणाऱ्या गिरणीमालकांना हे बंधन मात्र कधी जाचले नाही! काथ्याचा कायदा त्याच्याही आधीचा, १९५३चा. त्याने मंडळ दिले, गिऱ्हाईक दिले नाही.

परिणाम मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर दिसतो. ज्या सोडणापासून दोर, पायपुसणी, गाद्या आणि उतारावरची माती धरून ठेवणारी जाळी होते, ते न्हाणीच्या चुलीत जळते. हिरवे सोडण खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवून, बडवून काढलेला पांढरा काथ्या वळणे हे कष्टाचे काम. ते बहुतांशी बायकांचे, म्हणून स्वस्त. त्यांना रहाट आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र देऊन स्वयंरोजगाराचा डांगोरा पिटता येतो. सूत घ्यायचे कोणी?

२०२० साली केंद्राने ग्रामीण रस्त्यांसाठी काथ्याच्या जाळीला मान्यता दिली. मान्यता म्हणजे मागणी नव्हे. आंबोली आणि करूळ घाटांतील दरडी सार्वजनिक पैशानेच सावरल्या जातात. त्या कामांच्या निविदांत स्त्रियांच्या सहकारी संस्थांच्या काथ्याची सक्ती का नसावी?