मेंढीकोट : पैशाविना पत्ते

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की रिसोडला दुपारी घराबाहेर डोके काढवत नाही. गेल्या सुट्टीत सूनबाईंनी पत्त्यांचा जोड आणला, तेव्हा आमची आई दारातच आडवी झाली. एका पोळ्याला तीनपत्तीत वडिलांनी हमालीचा महिन्याचा पैसा घालवला होता, आणि आईने ते पत्ते चुलीत घातले होते. त्यानंतर घरात पत्ता आला नव्हता. "पैसा लावसान, तं हाबी चुलीत जाईन," एवढे बोलून ती बाजूला झाली.

म्हणून, वाचक बंधू-भगिनींनो, बिनपैशाचा मेंढीकोट सांगतो. चौघे लागतात, समोरासमोरचे दोघे भिडू. बावन्न पाने, प्रत्येकी तेरा. आम्ही आधी पाच-पाच, मग दोनदा चार-चार वाटतो. एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, असे दुर्रीपर्यंत. उतारीचा रंग हाती असेल तर तोच टाकायचा. मोठे पान हात नेते, आणि हात नेणारा पुढची उतारी करतो. उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम. मग हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाचा एक्का मारते. (रंग असून लपवण्यावरून आमच्याकडे रोज भांडण होते, तो भाग वेगळा.)

खरी गंमत चार दश्श्यांची. त्याच मेंढ्या. तीन नेल्या की डाव जिंकला; चारही नेल्या की मेंढीकोट. दोन-दोन झाल्या तर सात हात ज्यांचे, ते जिंकले. दश्शीवर चार पाने आहेत, त्यामुळे घाईने उतरवलेली मेंढी बहुधा जातेच. ती भिडूच्या एक्क्यावर द्यावी, पण मागून कोणी हुकूम मारणार नाही एवढे पाहून. वरची चारही पाने पडून गेली की दश्शीच त्या रंगाची मालकीण. म्हणजे पडलेली पाने ध्यानात ठेवणे आले.

सावंतवाडीची गंजिफाही हात जिंकण्याचाच खेळ. दशावतारी जोडात गोल 120 पाने असतात, आणि हुकूम मात्र नसतो.

आई पंधरा दिवस लांबूनच बघत होती. एका दुपारी एक गडी उठून गेला, तर तिने त्याची पाने उचलली. तिला काय येणार, असे आम्हाला वाटले. तिने किलवरचा एक्का टाकला आणि समोर बसलेल्या नातीला म्हणाली, "दे आता तुही मेंढी, मांगच्याजवळ अजून किलवर हाये." होतेच. लग्नाआधी माहेरी भावांसोबत ती रोज खेळायची, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

आता चारचा चहा डाव संपल्याशिवाय मिळत नाही.