मूळचे कुठले?

गेल्या दिवाळीत कर्जतला एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. तिथे इस्रायलहून पंचविशीची एक मुलगी पाहुणी आली होती. करंजी पुढे करता करता कुणीतरी विचारलेच, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

ती म्हणाली, "आजी पेणची. तिकडे आम्हाला हिंदुस्थानी म्हणतात, इकडे परदेशी." सगळे हसले. मला हसू आले नाही.

वाचकहो, ही मुलगी बेने इस्रायलांची. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून आपल्या वाडवडिलांनी ज्यांना 'शनवार तेली' म्हटले, त्यांची नात. पेणकर, रोहेकर अशी आपल्या गावांची नावे या लोकांनी पिढ्यान्पिढ्या मिरवली. 1948 नंतर घरेच्या घरे इस्रायलला गेली. आपल्याच माणसांत चाललो, ही समजूत. पण 1962 साली तिथल्या धर्मपीठाने फर्मावले, यांचे लग्न इतर यहुद्यांशी लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा! कोकणातल्या आज्या-पणज्यांची वंशावळ कुठल्या दप्तरात मिळणार? लोक रस्त्यावर आले, तेव्हा 1964 च्या ऑगस्टात तिथल्या संसदेने सांगितले, की हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत.

"काय हा अन्याय!" म्हणून मंडळी हळहळली. मला राग आला तो आपलाच.

खालापूर तालुक्यातल्या माझ्या वर्गात कातकऱ्यांची पोरे बसतात. इथल्या डोंगरातला पाणवठा न् पाणवठा त्यांच्या आजोबांना ठाऊक. पण जातीचा दाखला मागितला, की आपण म्हणतो, 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून तुम्ही इथले, हे दाखवा. ज्याचा जन्म कोळशाच्या भट्टीवर झाला, त्या बापाने कागद आणावा कुठून? मी स्वतः एका पोरीला "आधी कागद आण" म्हणून घरी धाडले होते. ती पुन्हा शाळेत आली नाही. धर्मपीठाला नावे ठेवायला मला तोंड आहे का?

खोटे दाखले काढणारे असतात, म्हणून पुरावा हवा, हे कबूल. पण ज्याच्या घरात अक्षर कधी शिरले नाही, त्यानेच तो का शोधावा? दप्तरे आपल्या कपाटात, किल्ल्या आपल्या कमरेला!

सुटी संपली, की मी शाळेची जुनी जनरल रजिस्टरे काढून बसणार आहे. ज्यांच्या कमरेला किल्ल्या आहेत, त्यांनीही बसावे.